पिवळ्या गाडीची नोंद

१

मंगळवारी दुपारी अडीच वाजता शोरूमच्या मागच्या आवारात पिवळ्या मोटरसायकलच्या जागी फक्त तेलाचा एक थेंब उरला होता.

टेस्ट राइडला आलेलं गिऱ्हाईक हेल्मेट घालून तयार. किल्ली खिळ्याला लटकलेली. आणि गाडी गायब. सेल्समनने आवारात तीन चकरा मारल्या, मिस्त्रीने वर्कशॉप पालथं घातलं, मालक तर संडासाचं दार उघडून बघून आले. मोटरसायकल संडासात कशी असेल, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

मग सगळ्यांचे डोळे फाटकाकडे वळले. फाटकावर ढब्बू बसायचा. नाव ढब्बू, पण अंगावर मांस भिंग लावून शोधावं लागेल. आत येणारी आणि बाहेर जाणारी प्रत्येक गाडी तो वहीत लिहायचा, अगदी पाण्याचा टँकरसुद्धा.

"गाडी बाहेर गेलेली नाही," त्याने वही पुढे केली. "वहीत नाही म्हणजे गेली नाही."

"मग काय हवेत विरली?" मालक ओरडले. "फाटक एकच. राखणदार एकच. तू झोपलास, नाहीतर तू सामील आहेस. दोन्हीपैकी काय ते तूच सांग."

हे सगळं फडकं हातात धरून ऐकत उभी होती मावशी. ढब्बूची थोरली बहीण. शोरूमच्या गाड्या पुसायचं काम तिचं. गेली नऊ वर्षं दारातून जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीवरून शेवटचा हात तिचाच फिरायचा. तोंडाची फटकळ, रागाची तर आगकाडीच. पण नजर अशी की काचेवरचा डाग ती रस्त्याच्या पलीकडून सांगायची.

मालकांनी एक कागद टाइप करून आणला. गाडीची किंमत ढब्बूने पगारातून भरायची, दर महिन्याला अर्धा पगार, फिटेपर्यंत. मावशीने बोटांवर हिशेब केला. अकरा वर्षं निघाली. मग तिने आकडा परत वाचला आणि तिचं डोकं सटकलं.

"मालक, हा आकडा भावाच्या पाटीवर नाही."

"पाटीवरच्या किमतीत ही गाडी कुठे मिळते?"

खरंच मिळत नव्हती. या मॉडेलला सहा महिन्यांचं वेटिंग होतं. पाटीच्या किमतीत हवी तर रांगेत थांबा. लवकर हवी तर 'वरचे' द्या, पावतीशिवाय, मालकांच्या ड्रॉवरमध्ये. शिवाय पॅकेज घ्या: गार्ड, सीट कव्हर, टाकीवरचं रबरी पॅड, सगळं बाजाराच्या दुप्पट भावात. गार्ड नको म्हटलं तर गाडीच नाही.

"म्हणजे वरचे पण आम्हीच भरायचे?" मावशी म्हणाली. "आणि पॅकेजसुद्धा? अहो, त्या गाडीला गार्ड नव्हता, कव्हर नव्हतं. आठ महिने गावभरची माणसं तिच्यावर बसून गेलीत. आणि भाव नव्या नवरीचा!"

"मावशी, तू पुसायचं काम कर."

सेल्समन मध्ये पडला. त्याला सगळे साखऱ्या म्हणायचे, बोलणं असं की चहात साखर नको. "मालक, गरीब माणूस आहे. पोलिसात नका देऊ. कागदावर सही करेल, विषय संपवू."

ढब्बूने पेन उचललं. मावशीने ते त्याच्या हातातून ओढून घेतलं.

"शनिवारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "गाडी मी शोधते."

मालक हसले. "शनिवारी नवा ट्रक येतोय. तो खाली होईपर्यंत. त्यानंतर सही, नाहीतर पोलीस."

२

बुधवारी सकाळी मावशी आधी मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री आणि ढब्बूचं मागच्याच आठवड्यात भांडण झालं होतं, डब्यातल्या लोणच्यावरून. महिनाभर पुरेल एवढा राग होता त्याला.

"मी चोरली म्हणतेस?"

"मी काहीच म्हणत नाही. तू काल दुपारी कुठे होतास?"

"तुझ्या भावाशेजारी, फाटकावर. जेवत होतो."

"भांडण झालंय ना तुमचं?"

"भांडण झालं म्हणून जेवायचं नाही की काय? पाठ करून बसतो एकमेकांकडे." मिस्त्रीने पाना आपटला. "माझंच नुकसान झालंय. सोमवारी त्या गाडीला कोरा मीटर बसवला. साखऱ्या म्हणाला, जुना अडकतोय. मंगळवारी गाडीच गेली. नवाकोरा मीटर गेला गं, शून्य किलोमीटरचा!"

भंगाराच्या डब्यात जुना मीटर पडला होता. मावशीने तो उचलून पुसला. सवयच तिची. आकड्यांच्या चकत्या दोन हजार तीनशे सतरावर थांबल्या होत्या.

"हा तर चांगला दिसतोय," ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं. पण सांगितलं ते करायचं. आपण कोण विचारणारे?"

बाहेर साखऱ्या एका डिलिव्हरीच्या गडबडीत होता. हॉस्पिटलातल्या एका नर्सबाईंची गाडी. तीही पिवळीच. सोमवारी दुसऱ्या शाखेतून टेम्पोने मागवली, असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गार्ड, कव्हर, पॅड, सगळं चढवून झालं होतं. मावशी फडकं घेऊन पुढे झाली.

"राहू दे मावशी, मीच पुसली. बाई घाईत आहेत, ड्यूटी आहे त्यांची."

"नऊ वर्षांत माझ्या हाताशिवाय गाडी गेली नाही इथून."

"म्हणून म्हणतो, एक दिवस आराम कर. घरी टेन्शन, इथे टेन्शन." त्याने खिशातून बिस्किटाचा पुडा काढून तिच्या हातात ठेवला. "ढब्बूला सांग, सही करून टाक. मालकांना मी हळूहळू पटवतो. थोडे कमी करायला लावतो."

मग नेहमीची पद्धत झाली. पुठ्ठ्याची हातभर मोठी किल्ली नर्सबाईंच्या हातात, फोटो, टाळ्या. बाई लहान मुलीसारख्या हसत होत्या. गाडी फाटकाशी आली तेव्हा ढब्बूने उभं राहून सलाम ठोकला आणि वहीत लिहिलं: नवी पिवळी, डिलिव्हरी, बाहेर.

मालक केबिनमध्ये विम्याचा फॉर्म भरत होते. मावशीला बघून कपाळाला आठ्या.

"काय, सापडला चोर?"

"मालक, विम्याचे पैसे मिळणार ना तुम्हाला? मग ढब्बूकडून कशाला?"

"विमा देतो जुन्या गाडीचे. मला नुकसान झालं नव्या गाडीचं." हे असं बोलताना माणसाची जीभ कशी अडखळत नाही, देव जाणे. "आजची डिलिव्हरी बघितलीस? पाटीच्या भावात गेली. एक पैसा वर नाही. साखऱ्या म्हणतो, वरचे सुरू व्हायच्या आधीचं बुकिंग. सही करताना जीवावर आलं माझ्या."

मावशी केबिनबाहेर आली. बिस्किटाचा पुडा अजून तिच्या हातातच होता. तिने तो न फोडता कचऱ्याच्या डब्यात टाकला. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

३

गुरुवारी डिलिव्हरीचा फोटो भिंतीवर लागला. मावशी फोटोंच्या काचा पुसत पुसत तिथे आली आणि तिचा हात थांबला.

टाकीवरचं रबरी पॅड मधोमध बसवतात. भिंतीवर साठ फोटो होते, साठही गाड्यांवर पॅड मधोमध. नर्सबाईंच्या गाडीवर मात्र ते डावीकडे सरकलेलं होतं. चांगलं दोन बोटं. साखऱ्याने आजवर शेकडो पॅड चिकटवली होती. त्याचा हात चुकत नव्हता.

मावशी फडक्याकडे बघत राहिली. हे फडकं ढब्बूच्या जुन्या निळ्या युनिफॉर्मचं होतं. टेस्ट राइडची गाडी पुसताना ते रोज एकाच जागी अडकायचं. टाकीच्या डाव्या बाजूला कोणाच्या तरी पट्ट्याच्या बक्कलने रंगाचा टवका उडाला होता. तिथे फडक्याचा धागा निघायचा आणि मावशी रोज त्या न पाहिलेल्या बक्कलवाल्याला शिव्या घालायची.

डावीकडेच. दोन बोटं.

संध्याकाळी घरी ढब्बू भिंतीला टेकून बसला होता. जेवण तसंच झाकलेलं.

"ताई, मी उद्या सही करतो."

"कर की. आणि परवा काय करशील? पुढच्या अकरा वर्षांत काय करशील?"

"लोक बघतात गं माझ्याकडे. दूधवालासुद्धा सायकलला कुलूप लावून वर येतो."

मावशीने ताटावरचं झाकण काढून ते त्याच्यापुढे सरकवलं. तिला भांडता यायचं, समजूत घालता यायची नाही. "वही दे," एवढंच म्हणाली.

ती अक्षराला बोट लावून वाचायची. मंगळवारची पानं पाहिली. टेस्ट राइडची गाडी बाहेर गेल्याची नोंद नाही. हे सगळ्यांनीच पाहिलं होतं. मग ती मागे गेली. सोमवार. पाण्याचा टँकर आत, टँकर बाहेर. कुरिअर. मालकांची कार. रविवार, शनिवार, शुक्रवार.

"ढब्ब्या, सोमवारी टेम्पो आला होता? नर्सबाईंची गाडी घेऊन?"

"आला असेल, मी जेवायला बसल्यावर."

"तू फाटकावरच जेवतोस, गाढवा!"

ढब्बू सरळ बसला.

मावशीने वही मिटली. तिचा आवाज एकदम खाली आला. "तुझ्या वहीत दोन भोकं आहेत. एक पिवळी गाडी बाहेर न जाताच नाहीशी झाली. आणि दुसरी पिवळी गाडी आत न येताच बाहेर गेली."

४

शुक्रवारी दुपारी ती हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली. नर्सबाई ड्यूटी संपवून आल्या. मावशीने आधी गाडीला हातच लावला नाही.

"बाई, एक विचारू? वेटिंग सहा महिन्यांचं. तुम्हाला गाडी एवढ्यात कशी मिळाली?"

"माझं जुनं बुकिंग होतं."

"असं साखऱ्याने सांगायला सांगितलं?"

बाई इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "अडीच महिने झाले. मी त्याला वरचे दिले होते, पाकिटात, चहाच्या दुकानात. पंधरा दिवसांत देतो म्हणाला. मग रोज उद्या, उद्या. दोन वर्षं ओव्हरटाइम केलाय हो मी या गाडीसाठी. मागच्या शनिवारी म्हटलं, आता मालकांकडेच येते. तर लगेच म्हणाला, बुधवारी या."

"मालकांना ते पाकीट माहीत नाही."

"म्हणजे?"

"बिल आहे जवळ?"

बिलावर चेसिस नंबर होता. शेवटचे चार आकडे ४४७१. मावशी गाडीसमोर खाली बसली. हँडलखाली, गाडीच्या मानेवर नंबर ठोकलेला असतो, हे तिला नऊ वर्षं पुसून माहीत होतं. इथे त्या जागी ग्रीसचा जाड थर होता. नव्या गाडीला तिथे ग्रीस कधीच नसतं. तिने फडकं गुंडाळून जोरात घासलं.

३९०८.

नर्सबाईंचा चेहरा उतरला. "बिल चुकलं का?"

"बिल चुकलं नाही बाई. तुम्ही उद्या अकराला शोरूमवर या. गाडी घेऊन. आणि हे," तिने पॅडवर बोट ठेवलं, "तोपर्यंत सोलू नका. घरी जाऊन तर अजिबात नाही. सगळ्यांसमोर सोलायचं."

परतताना ती मिस्त्रीकडे थांबली. एकच प्रश्न विचारला. "ट्रकमध्ये कोणत्या नंबरच्या गाड्या आहेत, हे आधी कोणाला कळतं?"

"कंपनीची यादी येते फोनवर. मालकांना आणि साखऱ्याला. मला ट्रक खाली झाल्यावर कळतं. का गं?"

"तू उद्या नंबर मोठ्याने वाच. एवढं कर. लोणचं मी देते."

५

शनिवारी अकरा वाजता ट्रक आला. फळी लागली. एकेक करून गाड्या खाली उतरू लागल्या, पुठ्ठ्यात आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. मालक कागद आणि पेन घेऊन उभे. ढब्बू फाटकावर, अंगावर इस्त्रीचा युनिफॉर्म, जणू शेवटचाच दिवस. नर्सबाई पिवळ्या गाडीशेजारी उभ्या होत्या. त्यांना बघून साखऱ्याचं हसू जागच्या जागी थिजलं.

"मॅडम, तुम्ही? पहिली सर्व्हिस अजून लांब आहे."

"मीच बोलावलं," मावशी म्हणाली. "मिस्त्री, वाच."

मिस्त्रीने पहिलीचं प्लॅस्टिक फाडलं. "चव्वेचाळीस अडुसष्ट." दुसरी. "चव्वेचाळीस एकोणसत्तर." तिसरी, सत्तर.

"ती चौथी राहू दे!" साखऱ्या पुढे धावला. "ती बुक आहे, मी उतरवतो."

"वाच रे!"

"चव्वेचाळीस एकाहत्तर," मिस्त्री म्हणाला.

मावशीने नर्सबाईंचं बिल मालकांच्या हातात दिलं. "बघा मालक, ही गाडी तुम्ही बुधवारी विकलीत. आणि ती आज कारखान्यातून येतेय."

मालकांनी बिल पाहिलं, गाडी पाहिली, परत बिल पाहिलं.

"मग बाई चार दिवस कशावर फिरताहेत?" मावशीने विचारलं. "तुमच्या विम्याच्या फॉर्मवर टेस्ट राइडच्या गाडीचा नंबर असेल. शेवटचे चार आकडे सांगा."

मालकांनी घडी केलेला फॉर्म खिशातून काढला. मिस्त्री जवळ गेला आणि त्याने वाचलं. "एकोणचाळीस शून्य आठ."

"बाई, सोला आता."

नर्सबाईंनी नखाने कड उचलली. पॅड चर्र करत निघालं. खाली टाकीवर रंगाचा टवका होता आणि टवक्यात एक निळा धागा अडकलेला. मावशीने तो उपटला नाही. ढब्बूला हाक मारली आणि त्याच्या युनिफॉर्मची बाही त्या धाग्याशेजारी धरली. तोच निळा.

"गाडी फाटकाबाहेर गेलीच नव्हती," ती म्हणाली. "मंगळवारी सगळे जेवायला बसले तेव्हा मागच्या शटरमधून वर्कशॉपमध्ये ढकलली. 'टेस्ट राइड'चे स्टिकर काढले, मीटर आदल्या दिवशीच कोरा केला होता, वर पॅकेज चढवलं. आपण सगळ्यांनी तिच्या आजूबाजूला फिरून तिलाच शोधलं. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या भावाने तिला सलाम ठोकून बाहेर काढलं."

"हे मिस्त्रीचं काम," साखऱ्या म्हणाला. आवाजातली साखर पार विरघळली होती. "मीटर त्यानेच बदललाय."

"मिस्त्रीला आजच्या गाड्यांचा नंबर बुधवारी कसा कळला असता? यादी दोघांच्याच फोनवर येते. तुझ्या आणि मालकांच्या."

"मी?" मालक भडकले.

"तुम्ही नाही. तुम्ही असतात तर बाईंकडून वरचे घेतले असते." मागे उभा ट्रकवाला फिसकन हसला. मावशी हसली नाही. "या दुकानात वरचे दिल्याशिवाय एक गाडी जात नाही. ही एकटीच कशी पाटीच्या भावात गेली? कारण वरचे आधीच कोणीतरी खाल्ले होते. परत मागितले असते तर बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं असतं, किती वेळा द्यायचे? म्हणून जुनं बुकिंग. कोणी सांगितलं तुम्हाला जुनं बुकिंग, मालक?"

सगळे साखऱ्याकडे बघत होते. तो फळीवर खाली बसला.

"चोरी नव्हती करायची मला," तो म्हणाला. "बाई मालकांकडे येणार होत्या. ट्रक आठवडाभर लांब. म्हटलं, तेवढ्यापुरती ही देऊ. आज ही चौथी उतरली की काहीतरी बिघाड सांगून बदलून देणार होतो. जुनी कुठेतरी रस्त्याकडेला सापडली असती. सगळ्यांचं सगळं परत. कोणाचंच काही गेलं नसतं."

"कोणाचंच?" मावशी म्हणाली. तिचा हात उचलला गेला होता, तो तिने दुसऱ्या हाताने धरून खाली आणला. "तू चार दिवस माझ्या भावाला सही कर म्हणत होतास. बिस्किटं देऊन."

६

मालक हुशार माणूस. त्यांनी आधी आजूबाजूला कोण ऐकतंय ते बघितलं, मग कागद चार तुकडे करून फाडला.

"झालं. ढब्बू, तुझ्यावर काही नाही. पुढच्या महिन्यापासून पगार वाढवतो. बाई, तुम्ही नवी गाडी घेऊन जा, पेट्रोल आमच्याकडून. ह्याचं मी आत बघतो. आता बाहेर कोणी काही बोलायचं नाही. कंपनीला कळलं तर दुकानच जाईल. मग तुमच्या नोकऱ्या कुठल्या?"

हे खरंच होतं. मावशीला चौथी गाडी दिसत होती, पुसायची बाकी होती. ढब्बूचा इस्त्रीचा शर्ट दिसत होता. घरभाडं आठवत होतं. चार दिवस तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती चार तुकडे होऊन तिच्या पायाशी पडली होती.

नर्सबाईंनी हातातलं पॅड खाली टाकलं. "मला एक सांगा. या गाडीची खरी किंमत किती?"

मालक ट्रककडे बघायला लागले. साखऱ्या जमिनीकडे बघत राहिला. बाई मावशीकडे वळल्या.

"पाटीवर आहे तेवढी," मावशी म्हणाली. "एक पैसा जास्त नाही. पॅकेज पण सक्तीचं नसतं. कंपनीचा फोन नंबर बिलाच्या मागे आहे, बारीक अक्षरात. मी वाचून दाखवते."

"मावशी!" मालकांचा आवाज फाटला. "उद्यापासून येऊ नकोस."

"बरं," ती म्हणाली, आणि नंबर वाचायला लागली. अंकाला बोट लावून, सावकाश.

बाईंनी फोन लावला. कोणी अडवलं नाही. मिस्त्री ट्रकची फळी काढायला लागला. काहीतरी करायला हवं म्हणून.

ढब्बू फाटकावर परत गेला. खुर्चीत बसून त्याने वही उघडली आणि शनिवारच्या पानावर लिहिलं: टेस्ट राइडची पिवळी, आत. मग पानं मागे उलटत बुधवारवर आला. ती ओळ त्याने दोनदा वाचली आणि तिच्यातला एकच शब्द खोडला. 'नवी'.

वही मिटून त्याने ती बहिणीच्या हातात दिली, फाटक सताड उघडलं, आणि तिच्यामागोमाग बाहेर पडला.